खिडकीतून पाहत राहा

बसमध्ये लोकांकडे टक लावून पाहायची मला वाईट खोड. लेक कोपर मारते, "आई, किती पाहतेस गं!" त्या दिवशी चिखलीहून बुलढाण्याला येताना शेजारी एक पारधी बाई बसली. तिच्या मांडीवर नवा कुकर, माझ्या मांडीवर नवा मिक्सर. कुकरचं बिल ती सारखी पदराच्या गाठीतून काढून पाही आणि पुन्हा बांधी. माझं बिल मी वेंधळी दुकानातच विसरले होते.

वाटेत पोलिसांची जीप आडवी लागली. एक जण बसमध्ये चढला. "काकू, पाय घ्या जरा," मला म्हणाला, आणि तिला, "ए पारधीण, कुठून उचललं वं हे? उतर खाली!"

तिनं बिल पुढे केलं. त्यानं पाहिलंही नाही.

उठताना तिनं माझा हात धरला. "ताई, खिडकीतून माह्याकडे पाहत राहा. कोणी पाहून राह्यलं तं तो आंगाले हात नाही लावत."

जन्मात पहिल्यांदा कुणी मला पाहायला सांगितलं होतं! मी काचेला नाक लावलं. तो तिला जीपच्या मागे नेऊ लागला. ती हलेना, नजर माझ्यावर. मग त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं, आणि माझी मान आपोआप मिक्सरच्या खोक्यावर झुकली.

वर पाहिलं तेव्हा ती जीपमागून येत होती, कुकर काखेत, बिल मुठीत चुरगळलेलं. माझ्या शेजारची जागा रिकामीच होती. ती बसमध्ये चढून मागे जाऊन उभी राहिली.