माझ्या नावाची पिशवी

देवीवरचा माझा विश्वास उडाला होता असं म्हणता येणार नाही, पण तो थकला होता. रोज सकाळी दिवा लावायचा, हळदकुंकू वाहायचं, हात जोडायचे आणि कामाला लागायचं. याला कारण माझी धाकटी बहीण शालू. पंचवीसेक वर्षांपूर्वी हिमायतनगरला तिचं दुसरं बाळंतपण झालं आणि रक्त जायचं थांबेना. नांदेडहून रक्त आणायला जीप गेली. मी तिच्या उशाशी बसून माहूरच्या रेणुकाईला एकच विनवत होते, गाडी वेळेत येऊ दे. गाडी आली तेव्हा शालूचा हात माझ्या हातात गार होऊन गेला होता. त्यानंतर मी देवीला नमस्कार केला, पण तिच्याशी बोलले नाही.

अर्धापूरजवळच्या आमच्या गावात मी अंगणवाडीत नोकरी केली. गरोदर बायकांना, वयात आलेल्या पोरींना लोहाच्या गोळ्या वाटल्या. समोर उभं राहून गिळायला लावल्या. स्वतः मात्र एकही घेतली नाही. निवृत्तीनंतर वर्षभरात मला दम लागायला लागला. केळीच्या बागेतून घरी येताना दोनदा बसावं लागे. नखं पांढरी पडली होती. वय झालं, असं मी सगळ्यांना सांगत होते. लेक लातूरला दिली आहे, ती हट्टाने घेऊन गेली. दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्यात, उजव्या बाजूला गाठ निघाली. कर्करोगाची. तिच्यातून कित्येक महिने, मला न कळता, थेंब थेंब रक्त जात होतं.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर बाई होत्या, माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. अंगात रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, सात भरलं होतं. मी आत जाताच म्हणाले, "आधी दोन-तीन पिशव्या रक्त चढवा, मग काय कापायचं ते कापा."

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "मावशी, रक्त हे औषध आहे, टॉनिक नाही. पोटातल्या कर्करोगाच्या मोठ्या ऑपरेशनात ज्यांना रक्त द्यावं लागतं, त्यांच्यात जंतुसंसर्ग जास्त दिसतो. काहींचा आजारही लवकर परततो. तो रक्तामुळे, की मुळात ते जास्त आजारी असतात म्हणून, यावर अजून वाद आहे. म्हणून मी आधी तुमचं स्वतःचं रक्त वाढवणार. लोहाचं सलाईन देऊ, तीन आठवडे थांबू. ऑपरेशनात गरज पडली तर एका क्षणाचा उशीर करणार नाही. गरज नसेल तर देणार नाही."

त्या सांगत होत्या ते कानांवर पडत होतं, मनात शिरत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर शालूचा पांढरा चेहरा होता. रक्तावाचून माणूस जातं, एवढंच मला माहीत होतं.

तीन आठवडे लेकीच्या घरी काढले. ते दिवस आठवले की सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं वाटतं. गॅलरीत ऊन यायचं, सरकायचं, भिंतीवर चढून निघून जायचं. खाली कुणीतरी भाजीची गाडी लावायचं, त्याचा आवाज दुसऱ्या गावातून आल्यासारखा ऐकू यायचा. मी डोळे मिटून पडले की शालू शेजारी बसल्याचा भास व्हायचा. ती नुसती पदराने वारा घालायची, आणि तो वारा मला खरोखर लागायचा. सलाईनमुळे रक्त हळूहळू नऊच्या पुढे गेलं. पण नवीच अडचण उभी राहिली. माझा गट ओ निगेटिव्ह, आणि रक्तपेढीत त्या गटाची एकही पिशवी नव्हती. "एक तरी हाताशी असल्याशिवाय मी टेबलावर घेणार नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या.

ऑपरेशनला दोन दिवस उरले होते. आमचे हे रक्तपेढीच्या खिडकीशी तिसऱ्यांदा जाऊन उभे राहिले. आतल्या माणसाने मान हलवली. पुढचं ह्यांनीच मला सांगितलं. रांगेत मागे एक बाई होती, पन्नाशीला आलेली, काखेत बांगड्यांची पेटी. तिने विचारलं, "भाऊ, कोनता गट पायजे?" ह्यांनी सांगितला. ती म्हणाली, "माझाबी तोच हाय. द्यायलाच आले मी."

तिचं नाव रझिया. घरोघरी, लग्नाकार्यात बांगड्या भरणं हा तिचा धंदा. तिच्या वडिलांना कधीकाळी अनोळखी माणसाचं रक्त मिळालं होतं, तेव्हापासून ती दर चार महिन्यांनी येऊन रक्त देते. खरं तर ती आठवडाभर आधीच येणार होती, पण एका लग्नाचं काम लांबलं. आधी आली असती तर ते रक्त केव्हाच कुणाला तरी लागून गेलं असतं. ह्यांनी हात जोडले, तर म्हणाली, "हात कशाला जोडता? ताईला सांगा, बरं होऊन या, बांगड्या भरते." तपासण्या होऊन पिशवीवर माझं नाव लागलं. ह्यांनी हे सगळं मला येऊन सांगितलं. या खेपेला गाडी वेळेत आली, एवढंच मनात आलं, आणि मी भिंतीकडे तोंड करून रडले.

ऑपरेशन चार तास चाललं. शुद्धीवर आल्यावर मी पहिल्यांदा सलाईनच्या दांडीकडे पाहिलं. पाण्यासारखी पारदर्शक बाटली होती, लाल पिशवी नव्हती. डॉक्टर बाई हसून म्हणाल्या, "गाठ पूर्ण निघाली. रक्त लागलंच नाही." सगळे आनंदात होते. मला मात्र फसवल्यासारखं वाटलं. एवढ्या कष्टाने मिळालेली पिशवी आणि ती माझ्या अंगात नाही. तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर आठ भरलं. डोळ्यांवर झापड, हातपाय कापसासारखे. "आता तरी द्या," मी म्हणाले. त्यांनी नाडी, रक्तदाब, पोटातली नळी पाहिली. "कुठे रक्त जात नाहीये. उद्या सकाळी पुन्हा बघू."

त्या दुपारी मला जे दिसलं त्याला स्वप्न म्हणावं की काय, मला माहीत नाही. मी माहूरच्या पायऱ्या चढत होते. दम लागत नव्हता. आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि ऊन असूनही दगड थंडगार होते. वर गाभाऱ्यात देवीचा शेंदरी मुखवटा एवढा मोठा, एवढा जवळ, की त्या लालीपलीकडे काही उरलंच नाही. मी त्या लाल रंगात उभी होते, जशी लहानपणी आईच्या लुगड्याआड उभी राहायचे. कुणी काही विचारलं नाही, मीही काही मागितलं नाही. जाग आली तेव्हा तोंडात तांबुलाची, माहूरला प्रसाद म्हणून मिळणाऱ्या कुटलेल्या विड्याची, चव होती. तीन दिवस माझ्या तोंडात पाण्याच्या घोटाखेरीज काही गेलं नव्हतं.

डोळे उघडले तर डॉक्टर बाई समोर उभ्या होत्या. घाईत होत्या. "मावशी, खाली निलंग्याकडचा एक माणूस आणलाय. मळणी यंत्रात हात गेलाय. तुमचाच गट आहे. तुमच्या नावाची पिशवी त्याला देतेय. निर्णय माझा आहे, तुम्हाला विचारायची गरज नाही. पण तुमच्या बहिणीचं तुमच्या लेकीने मला सांगितलंय, म्हणून सांगायला आले."

"आणि मला लागलं तर?"

"नांदेडहून मागवावं लागेल. तीन-चार तास. लागणार नाही असं मला वाटतं. पण शपथेवर सांगू शकत नाही."

नांदेडहून. तीन-चार तास. शालूसाठीही जीप नांदेडलाच गेली होती. हे पलंगाच्या कडेला उभे होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी नाही म्हटलं असतं तरी पिशवी गेलीच असती, हे मला कळत होतं. तरीही आत कुठेतरी मूठ आवळलेली होती, ती मलाच उघडायची होती. तोंडातली ती चव अजून गेली नव्हती. मी म्हणाले, "न्या, बाई. उशीर करू नका." पंचवीस वर्षांनी मी देवीशी बोलले ती त्यानंतर. म्हणाले, आता तू आणि तो खालचा माणूस, तुम्ही बघा. मग इतकी गाढ झोप लागली की संध्याकाळचं इंजेक्शन कधी दिलं तेही कळलं नाही.

सकाळी रक्त आठच्या किंचित वर होतं. पुढे ते सावकाश चढत गेलं.

चार दिवसांनी एक तरुण बाई दारात येऊन उभी राहिली. त्या माणसाची बायको. बोलण्यात कानडी वळण होतं. "अव्वा, तुमच्या नावाची पिशवी होती म्हने. हात गेला त्येंचा, पन माणूस हाय." ती पाया पडायला वाकली. मी तिला धरलं. "मी काही दिलं नाही गं. रक्त दुसऱ्याच बाईचं, चढवलं डॉक्टरांनी. माझं नुसतं नाव होतं त्याच्यावर." तिला ते पटलं नाही. ती बराच वेळ माझा हात धरून बसली. तिचा हात ऊबदार होता.

दीड वर्ष झालं. देवीने माझ्यासाठी काही केलं असा माझा दावा नाही. डॉक्टर बाईंची विद्या होती, रझियाचं मन होतं. मला वाटत होतं, कृपा म्हणजे मागितलेली वस्तू हातात पडणं. ती वस्तू माझ्या हाताला न लागताच जिथे जायची तिथे गेली, आणि मी जगले. हे कुणी जुळवलं, याचा शोध मी घेत नाही. पुढच्या सोमवारी लातूरला पुन्हा तपासणी आहे. काय निघेल ते तिथे कळेल. तोवर बागेतले घड उतरवायचे आहेत, आणि कालपासून मी त्या कामाला माणसं सांगायला सुरुवात केली आहे.