बापूच्या टीमला गोलकीपर नाही

चार ग्वाल्हेरकर चहाला बसले की दहा किस्से निघतात, आणि त्यातले निम्मे तरी आमच्या हॉकी-कार्डांचे असतात. संस्थान विलीन होऊन मध्य भारत झाला, तेव्हा आम्ही एकाच दफ्तरात तीन कारकून होतो: नाना मुळ्ये, बापू जाधव आणि मी. चांगले बालबच्चेवाले! पण रविवारी सकाळी नई सडकेवर मिश्राजींच्या दुकानात चहा पीत हॉकीपटूंच्या कार्डांची अदलाबदल करायचो. नियम एकच. कार्डाला कार्ड, फुकट काही नाही.

*

कार्डं निघायची सिगारेटच्या पाकिटातून, आणि नाना तर सुपारीसुद्धा खात नसे. तो पाकीट घ्यायचा, कार्ड ठेवायचा आणि सिगारेटी दफ्तरात वाटून टाकायचा. बघता बघता अख्खी शाखा धूर सोडायला लागली! शेवटी हेडक्लार्कच्या बायकोने त्याला बाजारात गाठलं. "भाऊजी, यांना हे व्यसन तुम्ही लावलंत!"

नानाने हात जोडले. "वहिनी, फक्त राइट-आउट राहिलाय. तो निघाला की यांची सिगारेट सुटली समजा!"

*

जुन्या कागदांवरचं 'ग्वाल्हेर संस्थान' खोडून 'मध्य भारत' असा शिक्का मारायचं काम बापूकडे आलं. कोणाची नोकरी राहील आणि कोणाची जाईल, या धास्तीत सगळेच होते. बापूच्या लेफ्ट-हाफच्या कार्डावरही 'ग्वाल्हेर संस्थान' छापलेलं होतं. उगाच भानगड नको, म्हणून पठ्ठ्याने त्यावरही शिक्का मारला!

नाना हळहळला. "अरे यार, याला तोंडच नाही राहिलं!"

"नसू दे. नोकरी तर पक्की झाली ना त्याची?"

*

मध्य भारताची राजधानी उन्हाळ्यात इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला. दर खेपेला दफ्तर पेट्यांत भरून निघायचं. एकदा घाईत फायली राहिल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आणि बापूच्या कार्डांची पेटी पोचली इंदूरला. साहेबांनी झाकण उघडलं, तर आत हाफपँटीतले अकरा जण!

"फाइल कहाँ है?"

"साहब, फाइल पीछे से आ रही है। टीम पहुँच गई है।"

साहेब हसले नाहीत. पुरावा म्हणून त्यांनी वरचं कार्ड काढून खिशात टाकलं, आणि ते नेमकं गोलकीपरचं निघालं. तेव्हापासून बापूचे दहाच राहिले.

*

दुसरा गोलकीपर होता फक्त नानाकडे, तोही एकच. बापू दर रविवारी मागणी घालायचा. दोन फुलबॅक देतो म्हणाला, तीन फॉरवर्ड देतो म्हणाला. नाना ढिम्म!

मिश्राजी कंटाळून म्हणाले, "नाना, दे दो न। बेचारे का गोल कब से खाली पड़ा है।"

"देतो की! पण भाव तर बरोबर लावू दे याला."

हे वर्षानुवर्षं चाललं. त्यांच्या भांडणाशिवाय आम्हाला चहा गोड लागत नसे.

*

मग नवीन मध्य प्रदेश झाला आणि दफ्तर भोपाळला निघालं. नाना आणि मी जाणार होतो. बापूची नोकरी संपत आली होती, त्याला मागेच ठेवलं. निरोपाला तो स्टेशनवर आला. मला फार वाईट वाटत होतं.

गाडी हलली तसा नानाने खिडकीतून हात बाहेर काढला. हातात गोलकीपर! "घे रे बापू! तसंच घे!"

बापू गाडीबरोबर धावत होता, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"फुकटात बिल्कुल नाही घेणार! भाव करायला भोपाळला येतो, सांभाळून ठेव!"