धुतलेली पायरी

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. काल नेदरलँड्समधल्या युट्रेख्टला, जुन्या ब्रिटिश वृत्तपत्रांतल्या फोटोंच्या प्रदर्शनात, एका फोटोत माझी लंडनची घरमालकीण दिसली. गुडघ्यांवर बसून दाराची पायरी घासत होती.

"आजोबा, हाउ स्वीट!" म्हणत नात पुढच्या फोटोकडे गेली. मी तिथेच राहिलो.

फोटो मीच काढलेला. तेव्हा मी पेपरात फोटोग्राफर होतो. भारतीयाला कोणी खोली देत नसताना हिने दिली होती.

"थांब रे, केस तरी विंचरते!" ती हसत म्हणाली होती. मी थांबलो नाही. फोटोखाली मीच लिहिलं, 'गरीब वस्तीतली बाई'.

छापून आलं त्या सकाळी तिने पेपर पालथा ठेवला आणि मला नेहमीसारखा चहा दिला. तिच्या हातांना साबणाचा वास येत होता. चहा निवला, तरी "बाई, माझं चुकलं," एवढं माझ्या तोंडून निघालं नाही.