रविवारची निळी गाडी

अफगाणी सीमेवरच्या आमच्या तिर्मिझ शहरात गडद निळी गाडी घेणारा माणूस एक तर नवखा असतो, नाही तर हट्टी. हे वाक्य गाड्या धुणाऱ्या अल्लानझर अकांचं; अका म्हणजे थोरला भाऊ, आम्ही सगळेच त्यांना तसं म्हणायचो. त्यांचा मुलगा उल्मास पहिल्यांदा निळी गाडी घेऊन अंगणात शिरला, तेव्हा ते हेच म्हणाले.

"अरे, आख्ख्या गावाच्या गाड्या पांढऱ्या का, ते कधी कुणाला विचारलंस? दोन उन्हाळ्यांत छप्पर विटून जाईल हिचं!"

"तुम्ही आहात ना, दादा," उल्मास म्हणाला.

अका एवढे खूश झाले, की तापलेल्या बोनेटवर हात टेकून उभे राहिले. चटका बसला तरी हात काढला नाही.

माझी सामशाची, म्हणजे मांस भरून भाजलेल्या समोशांची, भट्टी त्यांच्या अंगणाला लागूनच. बावीस वर्षं आम्ही एकाच किटलीतला चहा प्यायलो, त्यामुळे जे सांगतोय ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

गाड्या धुणारे आमच्या रस्त्यावर सात-आठ होते, पण घाईतली माणसं अकांकडेच यायची. डॉक्टर, बँकेतली माणसं, सीमेवर माल नेणारे. अकांनी त्यांच्यासाठी बारा मिनिटांचं काम बसवलं होतं. द्राक्षाच्या मांडवाखाली गाडी घ्यायची, म्हणजे पत्रा निवतो. उन्हात गाडी धुतली की थेंब जागीच सुकतात आणि आमच्या खारट पाण्याचे पांढरे डाग कायमचे बसतात. पलीकडून अफगाणी वारा धूळ घेऊन आला असेल, तर आधी नुसतं पाणी सोडायचं. कोरडं फडकं लावायचं नाही, नाही तर रेती रंग ओरबाडते. पाखराची घाण खरवडायची नाही, ओलं फडकं दोन मिनिटं ठेवून उचलायची. मग मेंढीच्या लोकरीचा हातमोजा, साबण, पाणी, मऊ फडकं, शेवटी हलकं मेण. गिऱ्हाइकाचा एक सामसा खाऊन होईस्तोवर गाडी तयार.

"अका, एवढी घाई कशाला करता?" मी एकदा विचारलं.

"त्यांना वेळ नसतो रे. आपल्याकडे आहे, तर त्यातला थोडा त्यांना द्यायचा."

उल्मासची गाडी मात्र बारा मिनिटांत कधीच झाली नाही. तो दर रविवारी नऊला यायचा. सीमेवरच्या पुलापलीकडे माल पाठवणाऱ्या कंपनीत तो मोठा माणूस झाला होता, फोन कानाचा सुटायचा नाही. पण रविवारी गाडी धुवायची म्हणून यायचाच. आणि अका त्या एका गाडीला सव्वा तास लावायचे. चाकांच्या फटी लहान कुंचल्याने साफ करायचे, दिव्यांच्या काचांवरचा पिवळेपणा घासायचे, रबरी कडांना तेल चोळायचे. एकदा तर पुसून झालेलं दार त्यांनी पुन्हा ओलं केलं. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर डोळ्यांनीच मला दटावलं.

तेवढ्या वेळात उल्मासची आई, तोशबीबी वहिनी, लाकडी बाजेवर दस्तरखान मांडायच्या. खरबूज, साय, गरम पातीर रोटी. उल्मास खात खात बोलायचा आणि अका पाठमोरे, हातात फडकं घेऊन ऐकायचे. समोरासमोर बसून बोलणं त्या दोघांना कधी जमलं नाही. बोलायचे ते गाडीच्या दोन बाजूंना उभे राहून.

या मुलाआधी त्यांची दोन बाळं गेली होती. म्हणून तिसऱ्याचं नाव उल्मास ठेवलं, न मरणारा. वहिनी सांगायच्या, तो पाच वर्षांचा होईपर्यंत अका झोपेतसुद्धा त्याच्या छातीवर हात ठेवून असायचे.

आता माझी चूक सांगतो. एका रविवारी मी सामशांचं ताट घेऊन गेलो आणि सहज बोलून गेलो, "ताश्कंदला म्हणे गाडीला आता काचेसारखा लेप देतात. धूळ बसत नाही, ऊन लागत नाही. पाऊस पडला की गाडी आपोआप साफ. महिनोन् महिने धुवायलाच नको."

उल्मासने फोन खाली ठेवला. "खरं का, काका?"

"खरं आहे," अकाच म्हणाले. कामाबद्दल खोटं बोलणं त्यांच्या जिभेला जमायचं नाही. "चांगला दिला तर वर्ष-दीड वर्ष टिकतो."

"मग आपल्या गाडीला देऊन टाका की, दादा! दर आठवड्याला तुमची कंबर मोडते. माझीही सकाळ वाचेल."

अका फडकं पिळत होते. ते बराच वेळ पिळत राहिले. "देऊ," म्हणाले.

उल्मासने बाटल्या मागवल्या. अकांनी पत्र्याची शेड आतून बंद केली, धूळ उडू नये म्हणून जमीन ओली केली आणि दोन दिवस बाहेरची एक गाडी घेतली नाही. आधी चिकट मातीचा गोळा फिरवून रंगातला कण न् कण काढला, मग घासून चकाकी आणली, मग वीत-वीतभर जागेवर लेप लावत आणि पुसत गेले. मी दारातून म्हटलं, "अका, थोडं कच्चं ठेवा ना. सहा महिन्यांत उतरेल."

"सत्तार, तू सामसा कधी कच्चा काढतोस का?"

"नाही."

"मग गप बैस."

गाडी बाहेर आली तेव्हा तिच्यात मांडवाची पानं दिसत होती. उल्मासने बापाला मिठी मारली आणि निघून गेला. पुढच्या रविवारी वहिनींनी पातीर भाजली. तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी फोन आला, गाडी एकदम मस्त आहे, दादा, पाणी ठरतच नाही. तिसऱ्या रविवारी फोनही नाही. मग बैरामचा सण आला तेव्हा आला, कपडे घेऊन, पंधरा मिनिटं.

वहिनी चिडायच्या. "तोंड नाही का तुम्हाला? सांगा ना त्याला, ये म्हणून!"

"काय म्हणून सांगू? काम काय काढू?"

"बापाला काम लागतं?"

मी बघत होतो. बाजाराचा दिवस, रस्त्यावर गाड्यांची रांग, तरी रविवारी नऊ ते सव्वादहा ते मांडवाखाली कुणाचीच गाडी घ्यायचे नाहीत. "जागा धरलेली आहे," म्हणायचे. गिऱ्हाईक कुरकुरत शेजारच्याकडे जायचं. जन्मभर ज्या उन्हाला त्यांनी शिव्या दिल्या, त्याच उन्हाकडे आता ते डोळ्यांवर हात धरून बघायचे. एकदा जुलैत, पक्षीसुद्धा झाडातून हलत नव्हते तेव्हा, म्हणाले, "यंदा कडक आहे. लेप फार तर हिवाळ्यापर्यंत टिकेल."

हिवाळा गेला. वसंतात, बुधवारी दुपारी, निळी गाडी आली.

अका चहाचा पेला तसाच ठेवून उठले. कोपर लागून तो सांडला. गाडीतून एक अनोळखी, जाडसर माणूस उतरला.

"सलाम अलैकुम. अल्लानझर अका तुम्हीच ना? गेल्या महिन्यात घेतली ही गाडी. विकणाऱ्याने सांगितलं, धुवायची तर मांडववाल्यांकडेच जा. हात चांगला आहे म्हणाला."

अकांनी दाराच्या मुठीजवळ बोट फिरवलं. तिथे त्यांनी स्वतः बुजवलेला एक ओरखडा होता.

"आणखी काय म्हणाला?"

"आणखी? काही नाही. तो ताश्कंदला चाललाय म्हणे, बदली झाली. घाईत होता."

अकांनी पाणी सोडलं. अठरा महिने झाले होते, तरी पाण्याचे गोल गोल थेंब होऊन ते पत्र्यावरून धावत खाली गेलं. अकांच्या हातचं काम तसूभरही उतरलं नव्हतं. त्यांनी ती गाडी सव्वा तास धुतली. तो माणूस तीन सामसे खाऊन कंटाळला, घड्याळ बघत राहिला. गाडी गेल्यावर अका नळ बंद करायला विसरले. मी जाऊन बंद केला.

"अका, माझ्यामुळे झालं हे. मी त्या दिवशी तोंड उघडलं नसतं तर..."

"तू नाही तर दुसऱ्या कुणी सांगितलं असतं." मग सांडलेला पेला सरळ करत, "बदली झाली, बरं झालं. मोठं शहर आहे."

वहिनींनी त्याच संध्याकाळी उल्मासला फोन केला. काय बोलल्या ते अर्ध्या गल्लीने ऐकलं. तो रविवारी आला, नव्या पांढऱ्या गाडीतून, केक घेऊन. फाटकाशीच मी त्याला गाठलं.

"त्या माणसाला सांगितलं नाहीस, की ते तुझे वडील आहेत म्हणून?"

तो गोंधळला. "सांगितलं असतं तर दादांनी त्याच्याकडून पैसे घेतले असते का, काका? फुकट धुतली असती. म्हणून नाही बोललो. आणि बदलीचं... सांगणारच होतो. राहून गेलं."

मला वाटतं तो खरं बोलत होता. त्यामुळे राग धरायलाही जागा उरली नाही.

अका लगेच बादली घ्यायला निघाले. उल्मासने त्यांचा हात धरला. "नको, दादा. कालच धुतलीय. तुम्ही बसा माझ्याजवळ." ते बसले. दोघं बाजेवर समोरासमोर. अकांचे रिकामे हात मांडीवर. ते कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. कधी टोपी नीट करत, कधी पातीर तोडून परत ठेवत.

"ताश्कंदला थंडी असते," अका म्हणाले.

"हो, असते."

"कोट घे."

"घेतलाय."

फोन वाजला, उल्मासने तो बंद केला. पुन्हा वाजला, तेव्हा अकाच म्हणाले, "घे, कामाचा असेल." तो बोलत बोलत फाटकापर्यंत गेला, तिथूनच घड्याळ पाहिलं, परत येऊन आईच्या गळ्यात पडला, बापाचा हात दोन्ही हातांत धरला, आणि निघाला.

त्यानंतर दोन वर्षांत तो तीनदा आला. अका थंडीच्या तोंडाशी गेले, हातात पाण्याची नळी असतानाच. उल्मास विमानाने आला. आमच्याकडच्या मयतीच्या रीतीप्रमाणे कमरेला पट्टा बांधून तीन दिवस फाटकाशी उभा राहिला, येणाऱ्या प्रत्येकाला हृदयावर हात ठेवून आत घेत होता. चौथ्या दिवशी माझ्या भट्टीशी येऊन बसला.

"काका, दादा माझ्याबद्दल काय बोलायचे?"

"काही नाही बोलायचे."

"काहीच नाही?"

मी त्याला रविवारच्या रिकाम्या जागेचं सांगितलं. तो ऐकत होता. मध्ये एकदा म्हणाला, "बाजाराच्या दिवशी?" मी मान हलवली. मग त्याने तोंड फिरवलं, आणि मीही भट्टीत वाकलो, कारण चाळिशीच्या माणसाला तसं रडताना बघू नये.

वहिनींनी त्याच्याबरोबर ताश्कंदला जायला नकार दिला. तो आता दर रविवारी नऊला त्यांना फोन करतो आणि तासभर बोलतो. वहिनी म्हणतात, पोरगं आता गप्पिष्ट झालंय. मग डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे टिपतात आणि मला विचारतात, "हे त्यांना ऐकायला मिळालं असतं, तर काय बिघडलं असतं रे, सत्तार?"