मास्तरांनी रंगवलेला बैलव्यापारी

देवपुरातले आमचे मास्तर भाजीवालीने भाव सांगितला की तिलाच विचारायचे, "एवढ्यात तुला परवडतं ना?" मी बैलांचा व्यापारी. असलं वाक्य ऐकून माझ्या अंगाची आग व्हायची. शेजारधर्म म्हणून त्यांची सायकल, छताचा पंखा, मुलीच्या लग्नाचा मांडव, सगळ्याचे भाव मीच केले. ते मागे हात बांधून उभे राहायचे. परतताना म्हणायचे, "भाऊ, रडवलंत हो त्याला." आवाजात तक्रार मात्र नसायची.

सुट्टीत ते माझ्याबरोबर बैलबाजारात यायचे. आमच्यात भाव तोंडाने होत नाही. हातांवर रुमाल टाकायचा, खाली एकमेकांची बोटं धरायची आणि दाबून आकडा सांगायचा. बाजूच्याला काही कळत नाही. एकदा साक्रीकडचा एक म्हातारा जोडी घेऊन आला. मी तोंडाने त्याच्या नातवंडांची चौकशी करत होतो आणि रुमालाखाली त्याचं एकेक बोट दुमडून भाव उतरवत होतो. शेवटी त्याने मान खाली घातली. सौदा झाला. मास्तर मागेच होते.

निवृत्तीनंतर त्यांना एका अहिराणी सिनेमात मुख्य काम मिळालं. गाव नागवणाऱ्या बैलव्यापाऱ्याचं. शाळेच्या गॅदरिंगपलीकडे रंग न लावलेला माणूस! पहिला खेळ जळगावला होता. मी स्वतः गाडी करून गल्लीतली माणसं नेली.

पडद्यावर मास्तरांनी रुमाल टाकला. समोर एक म्हातारा. मास्तर मधाळ आवाजात विचारतात, "नातू शाळामा जास ना, बाबा?" आणि आपण फक्त त्या म्हाताऱ्याचे डोळे भरत जाताना पाहतो. थिएटरात कोणी खोकलं नाही. इतकं थंड, इतकं हावरं हसू मी कुठल्या माणसाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. मग मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, हाऊ ते आपला भाऊ शे!" बठ्ठं थिएटर माझ्याकडे वळून हसलं.

पुढच्याच बाजारात एक शेतकरी म्हणाला, "भाऊ, रुमाल खिशात ठेवा. उघडं बोला." उघड्यावर बोललं की चार जण मध्ये पडतात. माझा सगळा धंदा माणसाने रुमालाखाली विश्वासाने हात देण्यावर उभा. शून्यातून उभा केलेला.

मी तडक मास्तरांच्या ओट्यावर गेलो. "इतकी वर्षं तुमच्यासाठी भांडलो, मास्तर. आणि तुम्ही माझी नक्कल विकली?"

ते शांतपणे म्हणाले, "हात तुमचा घेतला, भाऊ. चेहरा माझाच. तुम्ही त्या म्हाताऱ्याचं बोट दुमडलंत तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला मजा आली. तेवढंच दाखवलं."

"मग तसं लोकांना सांगा की!"

"सांगितलं. कोणाला पटत नाही. म्हणतात, मास्तर किती साधे!"

त्यानंतर मी त्यांच्याशी बोललो नाही. गेल्या पावसाळ्यात ते गेले. लोक दारात जमले होते, मी गच्चीवरून पाहिलं.

परवा डोंगराकडचा एक म्हातारा बाजारात आला. त्याने सिनेमा पाहिलेला नव्हता. त्याने आपणहून रुमालाखाली हात दिला. मी नेहमीसारखं विचारलं, "घरी सगळं बरं ना, बाबा?" आणि बोलता बोलता माझं तोंड कसं दिसत असेल ते मला दिसलं. बोट दुमडायचं राहून गेलं. जोडी त्याने मागितलेल्या भावाला घ्यावी लागली.

मास्तरांना मी अजून माफ केलेलं नाही.