धाकटीचं धावणं

रचनाला बहिणीचा हेवा वाटायचा, हे तिच्या माहेरी, गोंदियाजवळच्या बिरसी गावात, कोणाला ठाऊक नव्हतं. तिच्या आईला, कलाबाईलाही नाही. धाकटी साक्षी बंगळूरला अंतराळवीरांच्या स्नायूंवर संशोधन करायची. कोणी तिचं नाव काढलं की रचनाच आधी हसून म्हणायची, "हुशारच हाये माही बहीण."

शाळेत रचना धावायची. गोंदिया जिल्हा नवा झाला त्या वर्षी तालुक्याच्या शर्यतीत ती अनवाणी पहिली आली. त्याच वर्षी कलाबाई आजारी पडली. धानाच्या रोवणीला माणूस हवं होतं, धाकटीला सांभाळायचं होतं. रचनाची शाळा सुटली ती सुटलीच. साक्षी मात्र शिकत गेली.

२०१६च्या हिवाळ्यात कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकने मोटारसायकलला धक्का दिला. नवरा प्रफुल्ल खरचटण्यावर निभावला. रचनाच्या मांडीचं हाड मोडलं. आत सळी घातली आणि ती माहेरी येऊन खाटेला खिळली. डॉक्टरांनी पडल्या पडल्या करायचे व्यायाम सांगितले होते. दुखायचं, म्हणून तिने एकही केला नाही.

साक्षी रजेवर आली. तिने मांडी दाबून पाहिली.

"ताई, किती बारीक झाली वं."

"तुले बरंच झालं. घरीच भेटला अंतराळवीर."

साक्षी हसली. ते रचनाला जास्तच लागलं.

"खरंच तसंच होते, ताई. परदेशात धडधाकट माणसांले महिना-दोन महिने खाटेवर झोपवतात, अंतराळात शरीराचं काय होते ते समजाले. पेशीच्या आत बारीक बारीक वीजघरं असतात. आपण हाललोच नाही, तर ते कमी होत जातात. शरीर म्हणते, कोणी वीज मागूनच नाही राहिलं तर बनवू कायले? म्हणून अंतराळवीरांले रोज घाम निघेपर्यंत व्यायाम करा लागते. तरंगू नये म्हणून पट्ट्यानं बांधून धावाबी लागते."

"किती शिकली माही लेक!" दारात उभी कलाबाई म्हणाली.

रचनाने भिंतीकडे तोंड फिरवलं. "झोपू द्या मले."

सकाळी उघड्या दारातून तिने पाहिलं. साक्षी बुटांच्या नाड्या बांधत होती. मग ती गावालगतच्या विमानतळाच्या भिंतीकडे धावत निघाली. वर शिकाऊ पायलटचं विमान घिरट्या घालत होतं. साक्षी परतली ती लालबुंद होऊन. लहानपणी हीच पोरगी शाळेपर्यंत चालायला कंटाळायची. रचना तिला कडेवर न्यायची. शिक्षण गेलं, ते रचनाने कसंबसं गिळलं होतं. पण धावणं? ते तर तिचं होतं.

"कवापासून धावून राहिली तू?"

"बंगळूरले गेल्यापासून. लोकांले सांगायचं अन् आपण बसून राहायचं, बरं नाही वाटत."

"पाय वाकडे टाकते तू."

साक्षीचा चेहरा उतरला. रचनाला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

साक्षी आंघोळीला गेली तेव्हा रचनाने गुडघा गादीवर दाबून मांडी ताठ केली. डोळ्यांत पाणी आलं. तिने पुन्हा केली. मग रोजच, बहीण नजरेआड झाली की. साक्षी चहा घेऊन आली की ही ओंडक्यासारखी पडलेली.

"खाट लय कुरकुरून राहिली आजकाल," निघायच्या दिवशी साक्षी एवढंच म्हणाली.

उन्हाळा सरेपर्यंत रचना काठीशिवाय चालू लागली. एक पाय किंचित आखूड राहिला. धावणं आता होणार नव्हतं. विमानतळाच्या भिंतीपाशी शेजारची निर्मलाबाई भेटली.

"साक्षी आली म्हणून उठली वं तू!"

रचना या वेळी हसली नाही. "व्यायाम म्या केला, काकू."



संध्याकाळी साक्षीचा फोन आला. कलाबाईने तो पुढे केला. रचना म्हणाली, "बाहेर गेली म्हणून सांग," आणि खोटं नको म्हणून खरोखरच लंगडत अंगणात निघून गेली.