मळलेलं पान

नव्वदच्या दशकात दर मे महिन्यात तो सातपूरहून सायकलवर आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात यायचा आणि वर्षभरात फाटलेली पुस्तकं बांधून द्यायचा. दोरा कायम दातांत, त्यामुळे बोलणं तुटक. नाव विचारायचं राहूनच गेलं. सगळे त्याला बाइंडरच म्हणायचे. इतकी पुस्तकं शिवून आपण एकही वाचलं नाही, हे तो अभिमानाने सांगायचा. "वाचत बसलो तर शिवू कधी, सर?"

एका वर्षी ग्रंथपाल म्हणून मी एक कादंबरी रद्दीत टाकली. नायक एकटा, घुमा. शेवटी जीव देतो. अकरावी-बारावीची मुलं तिच्यावर तुटून पडायची. एका पालकाने तक्रार केली होती. मलाही वाटायचं, मुलांना तो शेवटच भुरळ घालतो.

त्याने ती रद्दीतून उचलली, पुस्तकाची पाठ तळहातावर टेकवली आणि पुठ्ठे सोडून दिले. पुस्तक आपोआप मधेच उघडलं. त्या पानाच्या कडा बोटांनी काळ्या झाल्या होत्या.

"शेवटची पानं बघा, कोरी करकरीत हायेत. पोरं इथं थांबतात, सर."

मी ते पान वाचलं. नायकाची बस चुकते. टपरीवाला काही न विचारता त्याला अर्धा चहा देतो आणि बाकावर सरकून जागा करतो. कादंबरी मी दोनदा वाचली होती. हा चहा मला आठवत नव्हता.

मान वर केली तेव्हा तो कागद चिकटवायची खळ कालवत होता.

"त्या पानाला कडेनं पातळ कागद लावतो," तो म्हणाला. "अजून लय हात लागायचेत त्याला."

पानावर काय लिहिलंय, हे त्याने विचारलं नाही.